पुण्यात मे महिन्यात पक्षी, किडे काय बघता येतील? सल्ला हवाय

मृण्मयी_क
नमस्कार मंडळी. लेक दहा वर्षांची आहे. थंडीत भिगवणला रोहित बघून आल्यापासून तिला पक्ष्यांचं वेड लागलंय. आता जो तो सांगतोय, 'सीझन संपला, नोव्हेंबरपर्यंत थांबा.' खरंच उन्हाळ्यात काही दिसत नाही का? आम्ही कोथरूडला राहतो, फार लांबचं जमणार नाही. किडे, फुलपाखरंही चालतील (तिला. मला झुरळ सोडून काहीही). दुर्बीण कुठली घ्यावी तेही सांगा.

टेकडीवरचा
सीझन संपला म्हणणारे बहुतेक कॅमेरेवाले असणार! थंडीतले पाहुणे गेले, पण इथल्या पक्ष्यांची वीण आत्ताच तर चाललीय.

आधी सोसायटीतच वाळकी फांदी असलेला शेवगा किंवा गुलमोहर शोधा. तांबट अशा फांदीला बहुतेकदा खालच्या अंगाने भोक पाडतो. दुपारी 'टुक टुक टुक' चालू असतं तो हाच. दुर्बिणीतून लेकीला त्याचा गळा दाखवा. चोच मिटलेलीच असते, फक्त गळ्याची कातडी फुगते. बीळ कोरणं चालू असेल तर भुसा चोचीत धरून बाहेर टाकतानाही दिसेल.

मग वेताळ टेकडी. सहाला वर पोचा, साडेआठनंतर ऊन आणि धूळ. पावशाचं 'पेर्ते व्हा' चढत्या पट्टीत ऐकू येईल. दिसायला थेट शिक्रा (छोटा शिकारी पक्षी), त्यामुळे नवखे हमखास फसतात. हा घरटं बांधत नाही, अंडी सातभाईंच्या घरट्यात. कोकिळा तोच उद्योग कावळ्याकडे करते. 'कुहू' करणारा काळा नर, मादी ठिपक्यांची आणि तिचा आवाज म्हणजे नुसतं किकिकिक. सातभाईंच्या थव्यात एखादं थोराड पिल्लू खायला मागत मागे मागे फिरताना दिसलं तर तिथेच बसून राहा.

कढीपत्ता
किड्यांचं मी सांगते. कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू आहे का? असेल तर फवारणी बंद. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसलं की पुसू नका, ती अळी असते. शत्रूने शीट समजून सोडून द्यावं म्हणून तो अवतार. मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते. गवताच्या काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून दोन मऊ शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एकदाच करू द्या लेकीला, सारखं नको. पुढे काडीला रेशमाचा पट्टा बांधून त्यात रेलून कोष करते. फुलपाखरू साधारण आठवड्या-दहा दिवसांत बाहेर येतं, बहुतेकदा सकाळी. नशीब असेल तर नीलवंत निघेल. २०१५ पासून ते आपलं राज्य फुलपाखरू आहे.

झाडाचा पाला जाईल थोडा. आमटीत दोन पानं कमी घाला.

लेन्सवाला
सिंहगड व्हॅली करा, अतकरवाडीच्या बाजूने. पाण्याच्या डबक्यांवर स्वर्गीय नर्तक येतो, लांब पांढऱ्या शेपटीचा. मे संपता संपता नवरंगही. तो दिसत नसेल तर मोबाईलवर त्याची हाक लावा, समोर येऊन उभा राहतो.

टेकडीवरचा
@लेन्सवाला, जागा उत्तम, शेवटचं वाक्य मागे घ्या. विणीच्या दिवसांत हाक वाजवली की नराला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला. खाणंपिणं, घरटं सोडून तो भांडायला येतो. त्यात एका सकाळी दहा जण दहा मोबाईल घेऊन येणार. घरट्याचे फोटोही नकोत. पानं बाजूला सारली की ऊन आत येतं, मागोमाग कावळा.

लेन्सवाला
एकदा वाजवल्याने काही होत नाही. पण लहान मुलीसमोर नको, एवढं मान्य.

वैदर्भी
नागपूरकडून. गॅलरीत मातीची परळ ठेवा, पसरट, दोन बोटं पाणी. मध्ये एक-दोन दगड ठेवायचेच, नाहीतर मधमाश्या बुडतात. पाणी रोज बदला आणि परळ घासा, नाहीतर डासांची पैदास. आमच्याकडे पारा ४५ला गेला की बुलबुल आणि मैना भर दुपारी आंघोळीला हजर.

तात्या_चिपळूण
आंब्याखाली उभं राहाल तर आधी वर बघा. ओंबिलांनी (झाडावरच्या लाल मुंग्यांनी) पानं जोडून चेंडूएवढं घर केलेलं असतं. कामकरी मुंग्या स्वतःच्याच अळ्या तोंडात धरतात आणि अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पानं चिकटवतात. शिवणयंत्र फिरवावं तशी अळी या पानावरून त्या पानावर नेतात. चावल्या तर मात्र मला शिव्या घालू नका. पाऊस सुरू झाला की इकडे या, तिबोटी खंड्या तेव्हाच येतो.

कढीपत्ता
काजव्यांसाठी भंडारदऱ्याला जायचं मनात असेल तर शनिवार-रविवार टाळा. हेडलाइटच्या रांगा लागतात. नर लुकलुकून मादीला बोलावतात, उजेडात तिला तो दिसणार कसा?

टेकडीवरचा
दुर्बिणीचं राहिलं. ८ बाय ४२ (म्हणजे आठपटीची, ४२ मिमी भिंगाची) घ्या. लेकीच्या हाताला जड वाटली तर ८ बाय ३२. दहापटीची घेतलीत तर हात थरथरला की पक्षी गायब. झूमवाली स्वस्तातली अजिबात नको. मोबाईलवर मर्लिन ॲप टाका, आवाजावरून नाव सुचवतं. पण पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय ईबर्डच्या (पक्षीनोंदींची वेबसाइट) यादीत घालू नका. कोतवाल पक्षी शिक्र्याचा आवाज काढतो, मर्लिन बिनदिक्कत शिक्रा सांगून मोकळं.

मृण्मयी_क
सगळ्यांचे आभार! कढीपत्त्यावर 'शीट' सापडली, लेक तिथून हलत नाहीये. शेवटचा प्रश्न: सकाळी सहाला टेकडीवर आम्ही दोघीच गेलो तर ठीक ना?

टेकडीवरचा
चालायला येणाऱ्यांची वर्दळ असते, मळलेली वाट सोडू नका. पाणी जास्त घ्या, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. मोकाट कुत्री आहेत, खाऊ पिशवीबाहेर काढू नका.