देवस्थानच्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र आता २०० दिवसांचंच? हा नियम कुणाचा?

अबोली, फोंडा
देवस्थानच्या संकेतस्थळावर जत्रेची माहिती आणि अभिषेकाची नोंदणी आहे. वर्षभराचं एसएसएल प्रमाणपत्र (संकेतस्थळ खरं आहे हे ब्राउझरला पटवणारं, https साठी लागणारं) आता मिळत नाही, २०० दिवसांचंच, असं होस्टिंगवाला सांगतो. हा नियम सरकारचा आहे का? समितीतले काही जण म्हणतात, फेसबुकचं पान पुरे.

तेरेखोल
सरकारचा काही संबंध नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझरवाले सीए/ब्राउझर फोरममध्ये ठराव करतात. ॲपलनं मांडलेला ठराव एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झाला: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १००, २०२९ पासून ४७. मुदत कमी करण्यात तथ्य आहे, कारण प्रमाणपत्राची सर्व्हरवरची गुप्त किल्ली चोरीला गेली तर प्रमाणपत्र रद्द करूनही ब्राउझर ते नीट तपासत नाहीत. मला खुपतं ते वेगळंच. २०१९ मध्ये असाच ठराव तिथं पडला होता. तरी ३९८ दिवसांहून जास्त मुदतीचं नवं प्रमाणपत्र १ सप्टेंबर २०२० पासून चालणार नाही, असं ॲपलनं परस्पर ठरवलं आणि सगळ्यांना ते मानावं लागलं. कोणत्या संस्थांची प्रमाणपत्रं मानायची ही विश्वासाची यादी ज्याच्या ब्राउझरमध्ये, शेवटचा शब्द त्याचा.

तुम्ही विकत घेऊच नका. होस्टिंग सांभाळायला सीपॅनल हे पॅनल असेल तर त्यातलं ऑटोएसएसएल चालू करा, ते प्रमाणपत्र आपोआप आणतं. स्वतःचा सर्व्हर असेल तर लेट्स एन्क्रिप्ट (फुकट प्रमाणपत्र देणारी संस्था) आणि सर्टबॉट (ते आणणारा प्रोग्रॅम): प्रमाणपत्र ९० दिवसांचं, ३० दिवस उरले की आपोआप नवं येतं. फायरवॉलमध्ये पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीचा मार्ग) बंद असेल तर डोमेन तुमचंच आहे याची एचटीटीपीवरून होणारी पडताळणी अडते. आणि फाइल नवी आली तरी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड होईपर्यंत जुनंच प्रमाणपत्र दाखवतो, म्हणून सर्टबॉटच्या डिप्लॉय-हुकमध्ये (नवं प्रमाणपत्र आल्यावर चालणारी आज्ञा) रीलोड घाला. मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टकडून जून २०२५ पासून येत नाहीत.

साळावली
फेसबुकचं पान जरूर ठेवा, पण ओळख म्हणून नको. पान बंद झालं तर पत्ताही गेला. डोमेन (संकेतस्थळाचं नाव) आपलं असलं की होस्टिंग बदलूनही पत्ता तोच राहतो. मात्र ते खरंच देवस्थानच्या नावावर आहे का, हे आजच रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या) खात्यात बघा. पुष्कळदा तिथं साइट करणाऱ्याचा ईमेल असतो. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको, नूतनीकरण चुकलं तर तोही बंद पडतो.

संस्थेचं नाव दाखवणारं महागडं ईव्ही प्रमाणपत्रही नको. क्रोम आणि फायरफॉक्सनं ते नाव २०१९ मध्येच ॲड्रेस बारमधून काढलं.

अबोली, फोंडा
ऑटोएसएसएल चालू केलं. नुसत्या नावाला हिरवी खूण आली, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्याला लाल.

तेरेखोल
डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदींत) डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्या नावाचा ए-रेकॉर्ड, म्हणजे थेट आयपी पत्त्याची नोंद, जुन्या सर्व्हरच्या आयपीकडे असेल. तो काढून मुख्य नावाकडे जाणारा सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद) घाला. टीटीएल (जुनी नोंद किती सेकंद लक्षात ठेवली जाते तो आकडा) ३६०० असेल तर तासभर थांबा, मग ऑटोएसएसएल पुन्हा चालवा.