एअर रायफलची नळी कशी साफ करावी? पितळी ब्रश चालेल का?

रंकाळाकर:
मुलीसाठी वापरलेली १० मीटर एअर रायफल घेतली आहे. सिलिंडरवाली, ४.५ मिमी. सोबत रॉड, पितळी ब्रश, सॉल्व्हंट आणि तेलाची बाटलीही मिळाली. व्हिडिओत तर सगळे दर रविवारी नळी घासताना दिसतात. नक्की काय करू?

नेम_धरून:
दादा, आधी तो ब्रश बाजूला ठेवा. व्हिडिओतल्या बहुतेक रायफली दारूच्या काडतुसाच्या असतात. आपल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ती ५० मीटरची .२२सुद्धा त्याच जातीची. तिच्यात जळकी काजळी, शिसं आणि गोळीवरचं मेण, तिन्ही साचतं. एअर रायफलमध्ये काही जळतच नाही. राहतं ते थोडं शिसं आणि पेलेटवरची (म्हणजे छर्ऱ्यावरची) पावडर. त्यासाठी फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या पुरतात. दोन एकत्र भरा, रेंजवरच, सुरक्षित दिशेला झाडा. पहिल्या काळ्या निघतील. पांढऱ्या यायला लागल्या की थांबा.

तंगूसवाला, रत्नागिरी:
फेल्ट संपलं की मी तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉन दोरी वापरतो. तंगूस तोंडाकडून आत सारायची, ब्रीचशी (पेलेट भरायच्या मागच्या टोकाशी) बाहेर आली की तिथे सुती चिंधी अडकवून पुढे ओढायची. मागून पुढे, पेलेट जातो त्याच दिशेने. तोंडाकडून रॉड घालूच नका. तिथली कड एका बाजूला जरी घासली तरी सुटताना हवा तिरकी निसटते, पेलेट डुलतो आणि ग्रुप, म्हणजे कागदावरचा छिद्रांचा पुंजका, फुटतो. मग नळी कितीही चकचकीत असो.

रंकाळाकर:
आणि तेल? पावसाळ्यात गंज चढेल ना?

तंगूसवाला, रत्नागिरी:
बाहेरून, पुसट हात फिरवा. घामाच्या बोटांचे ठसे आधी गंजतात. आत नको. तेल ब्रीचकडे ओघळलं की ओ-रिंगची (हवा अडवणाऱ्या रबरी कडीची) वाट लागते, आणि २०० बार दाबाच्या हवेच्या वाटेत खनिज तेल असणं धोक्याचं. आमच्याकडे जुलैत फोमच्या पेटीत रायफल ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. पुसून कपाटात ठेवा, सिलिका जेल टाका.

पेठेतली_आई:
सफाईनंतर पहिले काही शॉट भरकटतात, तेव्हा साइटचे नॉब फिरवत बसू नका. मॅचच्या आदल्या दिवशी तर साफसफाई नकोच. आणि ती काळी चिंधी हाताळल्यावर साबणाने हात धुवूनच डबा उघडायचा, शिसं आहे ते. पोरं ऐकत नाहीत, मागे लागावं लागतं.

रंकाळाकर:
मग किती दिवसांनी करायची?

नेम_धरून:
कॅलेंडर बघून नाही. रायफल टेकवून त्याच पेलेटचे ग्रुप घ्या, कागद जपून ठेवा. ग्रुप पसरायला लागला की साफ करा. तेल दाराच्या बिजागरीला घाला. ब्रशचं माप बघा: ५.६ मिमीचा, म्हणजे .२२ चा असेल तर मुलगी ५० मीटरला गेल्यावर उपयोगी पडेल. ४.५ चा असेल तर भंगारात.