मागचा नादाला लागला, तर पाय कुणी उचलायचा?

दोनदारी (धागाकर्ता)

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी माणगावहून ताम्हिणीमार्गे पुण्याला येत होतो. माझी गाडी दोन दारांची, बसकी, स्पोर्ट्स कार म्हणतात ती. सेकंडहँड घेतलेली, पण टायर-ब्रेक जिवापाड जपलेले. विळ्याच्या पुढे सरळ पट्ट्यात एका रुपेरी हॅचबॅकला ओव्हरटेक केलं. इंडिकेटर दिला होता, समोर रस्ता मोकळा होता. दोनेक मिनिटांत तीच गाडी आरशात मोठी होऊ लागली. डिपर नाही, हॉर्न नाही, नुसती मागे चिकटून.

इथून पुढचं लिहिणं जड जातंय. मला ते आवडलं. घाट सुरू झाल्यावर मी अजून थोडा पाय दिला. त्याला मागे टाकून निघून जायचं असतं तर एका मिनिटात गेलो असतो. मला तो मागे हवा होता. वळणावर तो मागे पडायचा, सरळ रस्ता आला की पुन्हा अंगाशी यायचा. म्हणजे वळणात गेलेलं अंतर तो सरळ पट्ट्यात भरून काढत होता आणि दर वेळी पुढच्या वळणावर आधीपेक्षा जास्त वेगात पोचत होता. हे मला दिसत होतं आणि त्याचा अर्थही कळत होता. तरी मी पाय उचलला नाही.

चौथ्या वळणानंतर आरशात धुरळा दिसला. मग काहीच दिसेना.

परत फिरलो. गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात गेली होती, पुढचं चाक मोडून आडवं झालं होतं. पुढे तो आणि त्याची बायको, मागे आई आणि सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीला खरचटलं होतं. आईंचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्यांना घेऊन मी दवाखान्यात गेलो. तो नंतर मिळेल त्या गाडीने तिथे पोचला. मला एक शब्द वाकडा बोलला नाही. एवढंच म्हणाला, "तुमची गाडी त्या वेगात निघाली, मला वाटलं वळण तेवढं निघतंय."

ते वाक्य डोक्यातून जात नाही. अनोळखी घाटात आपण सगळेच पुढच्या गाडीवरून रस्ता वाचतो. तिचे ब्रेकलाइट लागले की आपण सावध होतो, नाही लागले की पाय तसाच ठेवतो. मी ब्रेक न लावता वळण घेतलं त्याचा अर्थ 'माझी गाडी इथून या वेगात निघते' एवढाच होता. त्याने वाचलं, 'हा रस्ता या वेगाचा आहे.' आणि तो तसं वाचतोय हे मला आरशात कळत होतं.

कायद्याने माझ्यावर काही आलं नाही. पोलिसांनी मला साक्षीदार म्हणून विचारलं. माझं म्हणणं असं आहे की अशा गाडीच्या चालकावर मागच्याचीही जबाबदारी येते, निदान तो आपल्या मागे लागलाय हे कळल्या क्षणापासून. पाय उचलायला मला काहीही लागत नव्हतं. तुम्हाला काय वाटतं?

कराडचा

दादा, तुम्ही थांबलात, परत गेलात, आजींना दवाखान्यात नेलंत. त्याबद्दल आधी हात जोडतो. पुढचं मात्र पटत नाही.

लायसन्स त्याच्या नावावर आहे. मागच्या सीटवर त्याची आई होती, तुमची नव्हे. तुमची गाडी काय आहे हे त्याला मागून स्पष्ट दिसत होतं. तुम्ही त्याला साइड नाकारली नाही, कट मारला नाही, काच खाली करून खुन्नस दिली नाही. प्रत्येक पुढच्या चालकाने मागच्याच्या डोक्यात काय चाललंय त्याचीही जबाबदारी घ्यायची असं ठरवलं तर ती संपणार कुठे? तीसच्या वेगाने चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागे कंटाळून कुणी आंधळ्या वळणावर बाहेर काढली गाडी, तर त्याचं पाप ट्रॅक्टरवाल्याच्या माथी मारणार का?

मी कुंभार्ली घाटात वीस वर्षं गाडी चालवतोय. वडिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, समोरच्याच्या गाडीवर आपली गाडी चालवायची नाही. ते ज्याला शिकवलं गेलं नाही त्याचं मला वाईट वाटतं. पण त्याचा वेग त्याच्या पायात होता.

पौडरोडची सायली

आमचं घर ह्याच रस्त्यावर आहे. तुम्ही दोघं पुढच्या आणि मागच्या गाडीचा हिशेब मांडताय. रस्त्याकडेला चालणारा कुणी तुमच्या हिशेबात आहे का? शनिवार-रविवार सकाळी इंजिनांचा आवाज आला की माझी सासू गुरं सोडत नाही. शर्यत एकाने लावली की दोघांनी, हे गोठ्यात उभं राहून कळत नाही. दोघंही वेगात होतात. तिथून सुरुवात करा.

टायरवाला

माझं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. घाटात गटारात गेलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, म्हणून लिहितो.

सरळ रस्त्यावर आजची साधी हॅचबॅकसुद्धा चांगली पळते. त्यामुळे चालकाला वाटतं आपण बरोबरीत आहोत. फरक वळणात उघडा पडतो. वळणात गाडी धरून ठेवायला टायरला जो जोर लागतो तो वेगाच्या वर्गाने वाढतो. 40 ने निघणारं वळण 60 ने घेतलं तर वेग दीडपट, पण टायरवर मागणी सव्वादोनपट. ब्रेक लागल्यावर थांबायच्या अंतराचंही तेच. स्पोर्ट्स कारचा टायर रुंद, रबर मऊ, गाडी जमिनीलगत. हॅचबॅकचा टायर अरुंद आणि मायलेजसाठी कडक रबराचा, गाडी उंच, त्यात चार माणसं आणि डिकीत सामान. वळणात बरंचसं वजन बाहेरच्या दोन चाकांवर जातं. हवा कमी असेल तर टायर रिमखाली दुमडतो.

टायरवर साइजच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. 'एस' म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंत, 'टी' म्हणजे 190, 'एच' म्हणजे 210. गिऱ्हाईक ते वाचून म्हणतं, "भाऊ, माझा टायर 180 चा आहे." त्यांना सांगावं लागतं की तो आकडा योग्य हवा आणि ठरलेल्या वजनाखाली टायर किती वेग सोसेल याचा आहे. वळणात पकड किती मिळेल हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

धागाकर्त्यांचं वाक्य मला शंभर टक्के पटलं. पुढच्या बसक्या गाडीचे ब्रेकलाइट लागले नाहीत म्हणजे मागच्याला चुकीची खबर मिळाली. आणि मला नवल याचं वाटतं की त्या दोघांत हा फरक नेमका ठाऊक होता तो पुढच्यालाच. ज्याने महागाचे टायर जाणून घेतले, त्याला ते कशासाठी असतात हे माहीत असतं. मागच्याला आपल्या टायरची कंपनीसुद्धा सांगता येणार नाही.

कराडचा

टायरवाले भाऊ, माहिती सोन्यासारखी आहे. पण तिचा निष्कर्ष मी उलटा काढतो. आपला टायर कसला आहे हे माहीत नसलेला माणूस चार जीव घेऊन घाटात रेस लावतो, ही चूक त्याची की ज्याला माहीत आहे त्याची?

नेकारकाठचा

मी स्टुटगार्टला राहतो. इथे हा प्रश्न न्यायालयांनी बराच चघळला आहे, म्हणून दोन गोष्टी.

जर्मनीत ऑटोबानच्या, म्हणजे इथल्या एक्स्प्रेसवेच्या, बऱ्याच भागावर वेगमर्यादा नाही, पण 130 ही शिफारस केलेली गती आहे. तिच्यावर गेलात तर दंड होत नाही. मात्र 1992 मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयाने ठरवलं की 130 च्या वर असताना अपघात झाला, तर तुमची प्रत्यक्ष चूक नसली तरी भरपाईचा काही वाटा तुमच्यावर येऊ शकतो. तो टाळायचा तर 130 नेही अपघात तसाच झाला असता हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणजे परवानगी असणं आणि जबाबदारी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट बर्लिनची. 1 फेब्रुवारी 2016 च्या रात्री कुरफ्युर्स्टेनडाम या हमरस्त्यावर दोन तरुणांनी सिग्नलला शर्यत लावली. एकाच्या गाडीने बाजूने येणाऱ्या जीपला उडवलं. आतले 69 वर्षांचे गृहस्थ गेले. दुसऱ्याच्या गाडीचा जीपला स्पर्शही झाला नव्हता. खालच्या न्यायालयाने दोघांनाही खुनासाठी जन्मठेप दिली. 2020 मध्ये वरच्या न्यायालयाने धडक देणाऱ्याची शिक्षा कायम केली आणि दुसऱ्याची रद्द केली, कारण दोघांचा मिळून मारण्यापर्यंतचा बेत सिद्ध होत नव्हता. पण तो सुटला नाही. 2021 मध्ये त्याला खुनाच्या प्रयत्नासाठी 13 वर्षांची शिक्षा झाली.

ताम्हिणीचं प्रकरण त्याच्या जवळपासही नाही, हे मला कळतं. पण 'त्याचा वेग त्याच्या पायात' हे कराडकरांचं म्हणणं मी इथे यायच्या आधी डोळे मिटून मान्य केलं असतं. आज नाही करत. शर्यतीला दोन माणसं लागतात. एकाने पाय उचलला की ती शर्यत राहत नाही.

काळाकोट

आपल्याकडचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988, कलम 189. सार्वजनिक जागी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर, 2019 च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शर्यत आधी ठरलेली हवी असं कलमात लिहिलेलं नाही, पण न बोलता लागलेली शर्यत सिद्ध करणं फार अवघड. शिवाय, आपल्याला कुणी ओव्हरटेक करत असेल तेव्हा वेग वाढवायचा नाही, हा नियम आहे. धागाकर्त्यांनी ओव्हरटेक करतानाच त्या गृहस्थांनी वेग वाढवला असता तर पहिली चूक स्पष्ट त्यांची ठरली असती. इथे ओव्हरटेक पुरं झाल्यावर सगळं घडलं.

आणि धागाकर्ते, 'मला तो मागे हवा होता' हे वाक्य तुम्ही लिहिलंत. वकील म्हणून मी तुम्हाला ते लिहू दिलं नसतं. माणूस म्हणून तुमच्याबद्दल आदर वाटला.

मागच्या सीटवरून

मी तशा गाडीत मागे बसणारी बाई आहे. नाव लिहीत नाही.

माझे यजमान शांत माणूस आहेत, घरात आवाज चढवत नाहीत. एक्स्प्रेसवेवर एखादी भारी गाडी पुढे गेली की त्यांची मान बदलते. खांदे वर येतात, बोलणं बंद होतं. मी "अहो, जाऊ द्या ना" म्हटलं की वेग वाढतो, म्हणून मी आता म्हणत नाही. मुलाचा हात धरून बसते. काटा 130 वर गेलेला मी मागून पाहिलाय, आणि तिथली मर्यादा 100 ची आहे हे आमच्या दहा वर्षांच्या मुलाला पाठ आहे.

दोनदारी दादा, तुमचा चांगुलपणा मला दिसतो. तरी तुम्ही हा भार उचलू नका, अशी विनंती आहे. कारण हा धागा उद्या यांनी वाचला तर त्यातून ते एवढंच उचलतील, 'बघ, पुढच्याने मान्य केलं, चूक त्याची होती.' आजपर्यंत प्रत्येक वेळी चूक पुढच्याचीच होती. ज्या माणसाच्या हातात माझं मूल आहे, त्याने एकदा तरी 'माझं चुकलं' म्हणायला हवंय मला. पुढच्या गाडीतल्या अनोळखी माणसाने ते म्हणून मला काय मिळणार?

कराडचा

ताई, मी एवढे परिच्छेद लिहिले, पण मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही म्हणालात.

दोनदारी (धागाकर्ता)

ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. त्या गृहस्थांचा भार मी काढून घेतोय असं वाटलं असेल तर माझं लिहिणं चुकलं. त्यांचा त्यांच्याकडे पुरा आहे. आईंचं प्लास्टर निघेपर्यंत मी दोन वेळा फोन केला. दुसऱ्या वेळी ते स्वतःहून म्हणाले, "मुलगी आता गाडीत माझ्या मागे बसत नाही, आईच्या मागे बसते." मी त्यावर काही बोलू शकलो नाही. पण त्यांचा वाटा पुरा आहे म्हणून माझा शून्य होतो, हे मला अजूनही पटत नाही. चार जणांनी मिळून घर लुटलं तर चौघांनाही पुरी शिक्षा होते, पाव-पाव वाटून मिळत नाही.

कराडकर, ट्रॅक्टरवाल्याचा दाखला मी बराच वेळ मनात घोळवला. ट्रॅक्टरला पर्याय नसतो, त्याचा वेगच तेवढा. मला पर्याय होता, आणि मागचा माझ्यामुळे खेचला जातोय याचा मला आनंद होत होता. तो आनंद काढून टाकला तर कदाचित तुमचं बरोबर आहे. समजा मी माझ्या नादात सरळ निघून गेलो असतो, मागे कोण आहे हे मला ठाऊकही नसतं, तर मी हा धागा काढला नसता.

आता काय करतो ते सांगतो. मागे कुणी चिकटलं की सरळ पट्टा बघून डावीकडे इंडिकेटर देतो आणि एक्सलेटरवरून पाय काढतो. ब्रेक मारत नाही, मागचा दचकतो. त्याला पुढे जाऊ देतो आणि मग मुद्दाम मागे राहतो. वेगाची हौस फेडायला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जायचं ठरवलंय.

कराडचा

आणि पुढे गेलेला हळू होऊन तुमची वाट बघायला लागला तर? माझ्याबरोबर झालंय हे, पाटणजवळ.

दोनदारी (धागाकर्ता)

माझ्याबरोबरही एकदा झालं. चहाला थांबलो. वीस मिनिटं.

पौडरोडची सायली

चौथं वळण म्हणालात ना? माणगावकडून वर येताना, डोंगर लागून गटार आहे ते? तिथे एसटीचा विनंती थांबा आहे, पाटी पडून गेली म्हणून तुम्हाला दिसला नसेल. वरच्या वाडीतली माणसं त्याच गटाराच्या कठड्यावर बसून सकाळच्या गाडीची वाट बघतात. रविवारी जरा कमी असतात. तुम्ही किती वाजता गेला होतात?

दोनदारी (धागाकर्ता)

सात-सव्वासात.

पौडरोडची सायली

गाडी पावणेसातला येऊन जाते.