जुन्या घराला लागून एक खोली वाढवायची आहे. ठेकेदाराची पारख कशी करावी?

सप्रेम नमस्कार.

आमच्या बैठ्या घराला मागील बाजूने झोपण्याची एक खोली आणि तिला जोडून न्हाणीघर व शौचालय बांधायचे आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आईला रात्री घराच्या दुसऱ्या टोकाच्या शौचालयापर्यंत चालत जाणे अवघड होऊ लागले आहे, त्यामुळे हे काम आता लांबणीवर टाकता येणार नाही. घर सुमारे 35 वर्षांपूर्वीचे, विटांच्या भारवाहक भिंतींचे आहे; त्यात आरसीसीचे खांब नाहीत. नव्या खोलीत जाण्यासाठी मागची जी भिंत फोडून दार काढावे लागेल, तिच्यावरच सध्याच्या स्लॅबचा भार आहे. नवे बांधकाम साधारण 200 चौरस फुटांचे होईल.

आतापर्यंत तीन ठेकेदार जागा पाहून गेले. पहिल्याने वहीचे अर्धे पान फाडून त्यावर एकच ठोक रक्कम लिहून दिली. दुसऱ्याने खोदाईपासून रंगकामापर्यंत बाबवार अंदाजपत्रक छापून आणले, आणि त्याची रक्कम तिघांत सर्वांत मोठी आहे. तिसरे गृहस्थ एका नातेवाइकाच्या ओळखीने आले. त्यांचा दर सर्वांत कमी आहे, परंतु निम्मी रक्कम आगाऊ हवी आहे. संरचना अभियंत्याला दाखवून घ्यावे का, असे विचारल्यावर ते हसून म्हणाले, ‘एका खोलीसाठी इंजिनिअर कशाला? इतकी घरे बांधली, एकाला तडा नाही.’

माझी अडचण अशी की, या तीन रकमांची तुलना करायची म्हटली तरी तिघांनी एकाच कामाचा दर दिला आहे किंवा नाही, हेच मला कळत नाही. एकाने वॉटरप्रूफिंग धरले आहे, दुसऱ्याने राडारोडा उचलणे वेगळे दाखवले आहे, तिसऱ्याने काय धरले आहे हे त्यालाच ठाऊक. शिवाय मी एकदा पोळलो आहे. काही वर्षांपूर्वी गच्चीच्या कामासाठी एका ठेकेदाराला बरीच मोठी आगाऊ रक्कम दिली. जुना थर फोडून झाल्यावर त्याची माणसे दुसऱ्या कामावर गेली, ती परत आलीच नाहीत. त्याच्याकडे पूर्वीच्या कामांची छायाचित्रे भरपूर होती, म्हणून छायाचित्रांवरचा माझा विश्वास उडाला आहे.

तेव्हा जाणकारांना विचारतो, ज्याला बांधकामातले काही कळत नाही अशा माणसाने ठेकेदाराची पारख नेमकी कशावरून करावी? आधी अभियंता नेमावा की ठेकेदार? सिमेंट आणि सळई स्वतः आणून द्यावी, की माल-मजुरीसह काम सोपवावे? पैशांचे हप्ते कसे बांधावेत?

प्रतिसाद

मी बांधकामांवर देखरेखीचे काम करतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी अभियंता, मग ठेकेदार. हा क्रम उलटला की प्रत्येक ठेकेदार आपल्या मनातल्या घराचा दर देतो, आणि आपल्या बाबतीत तेच झाले आहे. अभियंत्याकडून नकाशा, पाया व सळयांचा तपशील आणि कामांची परिमाणांसह यादी तयार करून घ्या. तीच यादी तिघांना द्या आणि तिच्यावरच दर भरायला सांगा. अभियंत्याचे शुल्क आपण स्वतः द्या. ठेकेदाराने आणलेला अभियंता ठेकेदाराची चूक दाखवील, ही अपेक्षा फार झाली. स्थानिक प्राधिकरणाची परवानगी लागते काय आणि ती कोण काढणार, हेही याच टप्प्यावर ठरावे.

आपल्या कामात खरी जोखीम खोलीत नाही, ती जुन्या आणि नव्याच्या सांध्यात आहे. जुना पाया बसायचा तेवढा बसून गेला आहे. नवा पाया भार आल्यावर बसेल, आणि दोन्ही बांधकामे एकमेकांना घट्ट जखडली असतील तर तडा नेमका सांध्यावर येईल. म्हणून बहुधा नवे बांधकाम स्वतःच्या खांबांवर उभे करून मध्ये सांधा, म्हणजे मोकळी फट, सोडण्याचा सल्ला मिळेल, मात्र तो निर्णय जागा पाहूनच व्हावा.

यातूनच पारखीचा एक उपाय निघतो. प्रत्येक ठेकेदाराला दोन प्रश्न विचारा आणि गप्प बसून उत्तर ऐका. पहिला प्रश्न, जुन्या पायाला लागून खोदाई कशी करणार? जाणता माणूस आधी जुना पाया किती खोल आहे हे पाहण्यासाठी एक छोटा खड्डा घ्यायला सांगेल, आणि जुन्या पायाच्या तळाखाली जायची वेळ आलीच तर सगळी लांबी एकदम उघडी न करता टप्प्याटप्प्याने खोदेन, असे म्हणेल. दुसरा प्रश्न, दारासाठी भिंत कशी फोडणार? ‘एका दिवसात फोडून देतो’ हे उत्तर आले तर तिथेच नमस्कार करावा. आधी स्लॅबला टेकू, मग लिंटेलची, म्हणजे दारावरचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळईची सोय आणि त्यानंतर खालची भिंत, हा क्रम त्याच्या तोंडून आपल्याला न सुचवता आला पाहिजे.

छायाचित्रांविषयी आपण म्हणता ते योग्यच आहे. त्याचे एक पूर्ण झालेले, किमान एक पावसाळा काढलेले काम पाहा आणि घरमालकाशी ठेकेदाराच्या पाठीमागे बोला. त्यांना काम आवडले का, असे विचारू नका, कारण भिडेखातर लोक चांगलेच बोलतात. बिल शेवटी किती वाढले आणि काम संपल्यावर बोलावले तर हा माणूस आला का, एवढेच विचारा. मग एक चालू काम न कळवता पाहून या. सिमेंटच्या गोण्या जमिनीपासून उंच फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचल्या आहेत का? स्लॅबच्या सळयांखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळया उचलून धरणारे छोटे ठोकळे आहेत, की सळया थेट सेंट्रिंगवर (काँक्रीट ओतण्यासाठी उभारलेल्या फळ्या-टेकूंच्या तात्पुरत्या साच्यावर) टेकल्या आहेत? काँक्रीटमध्ये पाणी मोजून टाकतात, की माल सैल व्हावा म्हणून नळी धरतात? आदल्या आठवड्यात झालेले काम ओले आहे का? काँक्रीटवर साध्या सिमेंटसाठी निदान 7 दिवस आणि फ्लाय अॅशमिश्रित, म्हणजे कोळशाची राख मिसळलेल्या, सिमेंटसाठी निदान 10 दिवस पाणी मारायला हवे; जिथे ते कोरडे पांढरे पडले आहे, तिथे आपल्या घरीही तेच होणार.

हप्ते तारखेवर बांधू नका, कामावर बांधा. जोते, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी असा एकेक टप्पा मोजला गेल्यावर त्याचा हप्ता द्यावा. सुरुवातीची रक्कम सेंट्रिंगचे सामान आणि पहिल्या काही दिवसांची मजुरी निघेल एवढीच असावी, आणि 5 ते 10 टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवावी. वाढीव कामाचा दर ते काम करण्यापूर्वी लेखी ठरला नसेल तर पैसे मिळणार नाहीत, हे वाक्य करारात जसेच्या तसे घालावे. मजुरांच्या अपघाताची जबाबदारी आणि विमा कोणाचा, हेही लिहिलेले असावे.

सळईच्या बिलासाठी एक साधा हिशोब लक्षात ठेवा. व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग भागिले 162 म्हणजे एका मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये. 12 मिमी सळई मीटरला सुमारे 0.89 किलो भरते. यादीतली लांबी आणि बिलातले वजन जुळते का, हे आपण घरी बसून पाहू शकता.

प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मालाबद्दल मात्र माझा अनुभव सांगतो. आम्ही सगळा माल स्वतः आणला आणि चूक केली. वाळू एक दिवस उशिरा आली की गवंडी बसून राहतात आणि त्या दिवसाची मजुरी आपल्याच माथी येते. पुढे गळती निघाली तेव्हा ‘माल तुमचा होता’ हे उत्तर ठेकेदाराजवळ तयारच होते. सिमेंट आणि सळईचा प्रकार व प्रत करारात लिहून बाकी माल त्याच्याकडे सोपवणे मला बरे वाटते.

आणखी एक. आपल्या आईसाठी खोली आहे, तर नव्या फरशीची पातळी जोते भरण्यापूर्वीच जुन्या फरशीशी जुळवून घ्या. आमच्याकडे ती शेवटी दोन इंच वर निघाली आणि दारात कायमची पायरी झाली. शौचालयाच्या सांडपाण्याच्या नळाला जुन्या चेंबरपर्यंत पुरेसा उतार मिळतो का, तेही त्याच दिवशी मोजून घ्यावे.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. अभियंता नेमला आणि खड्डा घेऊन पाहिला. जुना पाया दगडी असून तो वाटले होते त्यापेक्षा उथळ निघाला, म्हणून खोली स्वतंत्र खांबांवर उभी राहील आणि मध्ये सांधा राहील.

एकच यादी तिघांना दिल्यावर चित्र बदलले. अर्धे पान देणाऱ्याची रक्कम वाढली, छापील अंदाजपत्रकवाल्याची कमी झाली आणि दोघांत फारसे अंतर उरले नाही. तिसरे गृहस्थ ‘इतके विचारता म्हणजे विश्वास नाही’ असे म्हणून रागावले. नातेवाइकांची समजूत मी काढीन. छापील अंदाजपत्रकवाल्याच्या चालू कामावर गेलो, तर तिथल्या मुकादमाने साहेब महिन्यातून एकदा येतात असे सांगितले, आणि स्लॅब कोरडा होता. अर्ध्या पानाचा धनी मात्र स्वतः ओळंबा धरून उभा होता, गोण्या फळ्यांवर होत्या, आणि खोदाईचा प्रश्न मी विचारण्याआधी त्यानेच जुना पाया किती खोल आहे, असे विचारले. त्याला लिहिण्याचा कंटाळा आहे, एवढेच. करार अभियंता लिहून देणार आहेत आणि त्याने सही करायचे मान्य केले आहे.

त्याचे म्हणणे आहे की दाराची भिंत सर्वांत शेवटी, नव्या स्लॅबचे टेकू निघाल्यावर फोडावी, म्हणजे तोवर घरात धूळ येणार नाही. हे योग्य आहे का? आणि टेकू किती दिवसांनी काढावेत?

प्रतिसाद

भिंत शेवटी फोडणे योग्यच आहे, आणि ते त्याला आपणहून सुचले ही चांगली खूण आहे. टेकूंसाठी, 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबला साधारणपणे 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस धरतात. तुळयांना 6 मीटरपर्यंत 14 दिवस. हवा थंड असेल किंवा मिश्र सिमेंट असेल तर ही मुदत वाढते. काढण्याचा दिवस अभियंत्याकडून लिहून घ्या आणि तो कागद ठेकेदाराच्या हाती द्या, कारण सेंट्रिंगचे सामान दुसऱ्या कामावर हवे असले की चांगल्या ठेकेदारालाही घाई होते.