चिनी बोलणाऱ्यांना इंग्रजीतल्या रकमा शिकवायच्यात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी तैवानमधल्या काही जणांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते, बहुतेक जण अकाउंट्स नाहीतर परचेसमधले, बोलतात बरं पण पैशाचा आकडा आला की गाडी अडते. त्यांची मोजणी चार-चार शून्यांची, दहा हजार म्हणजे एक वान, दहा कोटी म्हणजे एक यी, त्यामुळे साडेतीन लाख त्यांच्या डोक्यात ३५ वान असतात आणि त्याचं थ्री हंड्रेड फिफ्टी थाउजंड होईपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर पोचलेला असतो. वर ४५ हजारांना ते बोलताना नुसतं चार वान पाच म्हणतात, शेवटचं हजार गाळून, मग इंग्रजीत येतं फोर्टी थाउजंड फाइव्ह! इन्व्हॉइसवर केवढा घोळ होईल बघा.

सध्या १०० वान म्हणजे वन मिलियन आणि १० यी म्हणजे वन बिलियन एवढंच पाठ करून घेते. (आपले लाख-कोटी मध्ये आणले की तेही गोंधळतात आणि मीही.)

दुसरं, सवलत. तिकडे पाटीवर ८ झ असेल तर किमतीच्या ८० टक्के द्यायचे, म्हणजे सूट २० टक्केच, पण ही मंडळी बिनधास्त एटी पर्सेंट डिस्काउंट म्हणून मोकळी.

आणि अमाउंट, सम, टोटल, सबटोटल, बॅलन्स यातला फरक सोप्यात कसा सांगायचा? कोणी शिकवलंय का?

प्रतिसाद १:
व्याख्या नका देऊ, सरळ एक बिल समोर ठेवा. टॅक्स आणि डिलिव्हरी धरायच्या आधीची बेरीज सबटोटल, सगळं धरून टोटल, अॅडव्हान्स वजा जाता उरलं ते बॅलन्स, आणि अमाउंट म्हणजे कुठलीही रक्कम. सम सध्या सोडाच, दुकानात कोण म्हणतं? त्यापेक्षा दॅट कम्स टू घोटून घ्या. आकड्यांचं म्हणाल तर आधी लिहायला लावा, उजवीकडून तीन-तीन घरांवर स्वल्पविराम, मग ३५०,००० मधला स्वल्पविराम थाउजंड, आकडा मोठा असेल तर त्याच्या डावीकडचा मिलियन, वानचं नावच काढायचं नाही.

प्रतिसाद २:
फिफ्टी डॉलर आणि थ्री मिलियन्स म्हणतात का? चिनीत वस्तूंना अनेकवचन नाही ना, त्यामुळे डॉलरचा एस खातात आणि नको तिथे लावतात.

धागाकर्ती:
अगदी हेच!! स्वल्पविरामाचं पुढच्या क्लासला करते. झ चं काय करू पण?

प्रतिसाद १:
१० मधून वजा करायला लावा, ८ झ म्हणजे २ उरले, ट्वेंटी पर्सेंट ऑफ. पाटीवर ८५ असेल तर १०० मधून, फिफ्टीन ऑफ. आणि डिस्काउंट शब्द बंद करून ऑफच वापरायला सांगा.