‘उपकारस्तुती’ : अर्थ आणि प्रयोग

प्रश्न : घर बांधले, मूल झाले किंवा माणूस दुखण्यातून उठला की मराठी ख्रिस्ती कुटुंबांत उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात, हे ठाऊक होते. परंतु अलीकडे एका निधनवार्तेत ‘आयुष्याबद्दल उपकारस्तुती’ असे शब्द वाचले. दुःखाच्या प्रसंगी उपकार कोणते मोजायचे, आणि येथे साधा ‘आभार’ का चालत नाही?

उत्तर : ‘आभार’ या शब्दात भार आहे. कोणी आपल्यासाठी काही केले की त्याचे ओझे आपल्यावर येते आणि आभार मानून ते थोडे हलके होते. म्हणूनच सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन दोन मिनिटांत उरकता येते. ‘उपकारस्तुती’ या समासात मात्र भर दुसऱ्या पदावर आहे. उपकार हे निमित्त असून स्तुती करणाऱ्याची नजर देणाऱ्याकडे असते. तिला नवस फेडण्यासारखे समजणेही चूक, कारण नवसात आधी बोली झालेली असते आणि येथे तशी कोणतीच बोली नसते.

बायबलात येशूचा प्रेषित पौल याने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय ५, वचन १८) ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असे आहे. त्यामागील ग्रीक क्रियापद, ज्यावरून प्रभुभोजनाला (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणाऱ्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) ‘युखरिस्त’ हे नाव पडले, तेच करिंथकरांस पहिल्या पत्रात (११:२४) येते. ज्या रात्री येशूला धरून देण्यात आले त्याच रात्री त्याने भाकर घेतली, उपकारस्तुती केली आणि ती मोडली. म्हणजे संकटाशी या शब्दाचा संबंध मागाहून जोडलेला नाही, तो प्रभुभोजनाच्या विधीतच आहे.

‘धन्यवाद’ हा तिसरा शब्द. बोलताना आपण ‘तुम्हाला धन्यवाद’ म्हणतो, पण मराठी बायबलात स्तोत्र १०३ मध्ये ‘परमेश्वराचा धन्यवाद कर’ अशी षष्ठी आहे. तेथे त्याचा अर्थ धन्य म्हणणे, देवाचा महिमा बोलून दाखवणे असा आहे. गुरेढोरे, चाकर आणि मुले एका दिवसात गमावलेला बायबलातील ईयोब हा भक्तही देवाचे नाम धन्य म्हणतो, देवाचे आभार मानत नाही. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

शंका : मग इफिसकरांस पत्रात (५:२०) ‘सर्व गोष्टींबद्दल’ उपकारस्तुती करण्यास सांगितले आहे, त्याचे काय? ‘सर्व स्थितीत’ आणि ‘सर्व गोष्टींबद्दल’ यांत मोठे अंतर आहे.

उत्तर : अंतर आहे, आणि ते ग्रीक मुळातही आहे, अव्यये वेगळी आहेत. काही भाष्यकार ‘सर्व गोष्टी’ म्हणजे देवाची सर्व दाने असे समजतात, तर काही त्यात दुःखही धरतात. माझा कल पहिल्या अर्थाकडे आहे, कारण बायबलातील स्तोत्रसंहितेत विलापाची इतकी स्तोत्रे आहेत की दुःखाला सुख म्हणण्याची सक्ती त्या परंपरेत असणे कठीण.

येथे तुकोबांची आठवण होते. ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें’ असे म्हणून त्यांनी दुष्काळाने केलेली पीडाही बरीच ठरवली, कारण तिने संसाराचा पाश तोडला. तुकोबांवर जीव असलेले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यामुळे अभंगाचा हा सूर मराठी उपासनेत आला खरा, पण ‘पीडा बरी’ आणि ‘पीडेतही देव धन्य’ ही दोन विधाने एक नव्हेत. बायबलातील संदेष्टा हबक्कूक अंजीर फुलले नाही, शेतात धान्य पिकले नाही, गोठे रिकामे झाले, असे एकेक नुकसान नोंदवतो, आणि मग ‘तरी’ म्हणून परमेश्वराच्या ठायी उल्हास करतो. त्या ‘तरी’मुळे नुकसान नुकसानच राहते.

निधनवार्तेपुरते बोलायचे तर ‘आयुष्याबद्दल उपकारस्तुती’ निर्दोष आहे, कारण आयुष्य हे दान होते. ‘निधनाबद्दल उपकारस्तुती’ कोणी लिहिणार नाही. आजारपणासंबंधी लिहिताना मात्र विभक्ती जपावी : ‘आजारपणात उपकारस्तुती’ किंवा ‘बरे झाल्याबद्दल उपकारस्तुती’ असे लिहावे, ‘आजारपणाबद्दल’ असे लिहू नये.