‘प्रेशर 60 निघालं म्हणून हृदय नाकारलं’: सह्या करण्याआधी हे वाचा

कातळ
दोन दिवस ती पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. कोकणातला एक पेशंट, हृदयाचं पंपिंग 20 टक्के, टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) फुप्फुसाचं प्रेशर 60, म्हणून मुंबईने प्रत्यारोपणाच्या यादीत घेतलं नाही. हा कोकणावर अन्याय, तेव्हा रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात हृदय प्रत्यारोपण केंद्र हवं, निवेदनावर सह्या करा. सह्यांमध्ये डॉक्टरांची नावं दिसली, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

एकोतला 60 हा मोजलेला आकडा नसतो. हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून उलट येणाऱ्या रक्ताचा वेग घ्यायचा, त्याच्या वर्गाला 4 ने गुणायचं आणि त्यात उजव्या कर्णिकेचा दाब अंदाजाने मिळवायचा. वेग सेकंदाला 3.5 मीटर असेल तर 49, पुढचे 5 मिळवायचे की 15 हे पोटातली मोठी शीर किती फुगलीय ते बघून ठरतं. शिवाय हा दाब डाव्या बाजूने रक्त मागे तुंबल्यामुळे आहे की फुप्फुसाच्या नसाच जाड झाल्यात, हे एकोवरून नक्की होत नाही. तुंबलेलं असेल तर उतरतं. नसा जाड झाल्या असतील तर नवीन हृदय गमावण्याची वेळ येते.

हे ठरवायला राइट हार्ट कॅथ, म्हणजे शिरेतून नळी हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेऊन दाब मोजणं. फुप्फुसाच्या धमनीचा सरासरी दाब, त्यातून वेज (नळीच्या टोकाचा फुगा फुगवून घेतलेला, डाव्या बाजूचा दाब) वजा, भागिले मिनिटाला जाणारं रक्त. 45, 30 आणि 3 लिटर असेल तर फुप्फुसाच्या नसांचा रक्ताला होणारा विरोध 5 वूड युनिट. निरोगी माणसात तो 2 च्या आत असतो. दात्याच्या हृदयाचा उजवा कप्पा आयुष्यभर तेवढ्यावरच चाललेला असतो. मेंदूमृत्यूच्या वेळी त्याने ॲड्रिनलिनचा तडाखा खाल्लेला असतो, वर तीन-चार तास बर्फात काढलेले असतात. एकदम 5 युनिटचा विरोध पुढ्यात आला की हार्ट-लंग मशीनवरून उतरतानाच तो फुगतो.

आणि तरीही 5 म्हणजे कायमचा नकार नव्हे. फुप्फुसाच्या धमनीचा सिस्टोलिक (वरचा) दाब 50 किंवा वर, आणि सोबत ग्रेडियंट (सरासरी दाब वजा वेज) 15 किंवा जास्त, नाहीतर विरोध 3 च्या वर असेल, तर औषध देऊन पुन्हा मोजा असं आंतरराष्ट्रीय नियमावलीच सांगते. स्टॅनफर्डचा 1992 चा अभ्यास सह्या करणाऱ्या डॉक्टरांनी वाचलेला असणार. नायट्रोप्रुसाइडवर (नसा सैल करणारं, शिरेतून द्यायचं औषध) विरोध 2.5 पर्यंत उतरला आणि बीपी टिकलं, त्यांच्यात तीन महिन्यांतले मृत्यू 3.8 टक्के. विरोध उतरला पण वरचं बीपी 85 पर्यंत घसरलं, त्यांच्यात 27.5. उतरलाच नाही, त्यांच्यात 40.6.

म्हणजे त्या पेशंटसाठी मागायचं होतं नीट केलेलं कॅथ. तुम्ही मागताय इमारत.

सुरंगी
सगळं बरोबर, आणि सगळं मुंबईत बसून बरोबर.

‘नीट केलेलं कॅथ’ हे तीन शब्द तुम्ही फार सहज लिहिलेत. दाब मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरचा शून्य छातीच्या मध्यावर लावलेला नसेल, वेज श्वास सोडल्यावर न वाचता मशीनने दिलेली सरासरी उतरवली असेल, फुगा जास्त फुगून दाब खोटा चढला असेल, डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेच्या गळतीची मोठी व्ही लाट कोणी वेज म्हणून धरली असेल, तर आकडा पार बदलतो. नळीच्या टोकातून रक्त घेऊन ऑक्सिजन सॅच्युरेशन 90 च्या वर आहे का, म्हणजे खरंच वेज झालंय का, हे किती ठिकाणी बघतात? 3 लिटरच्या आउटपुटला वेज 5 मिलिमीटरने चुकलं की विरोध 1.7 युनिटने चुकतो. यादीत घ्यायचं की परत पाठवायचं, एवढा त्याचा फरक.

आणि हे पेशंट कॅथ टेबलावर कसे पोचतात? सावंतवाडीहून रात्रभर बसून, पाय सुजलेले, रस्त्यात लघवी नको म्हणून लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारी गोळी) न घेतलेले. अशा माणसाचं वेज 30 येणारच. पहिल्या फेरीत औषधाला दाद नाही म्हणून तो परत जातो. नियमावली पुढे काय म्हणते तेही लिहा की: भरती करा, पाणी उतरवा, मिल्रिनोनसारखं हृदयाला जोर देणारं औषध चालू ठेवा, 24 ते 48 तासांनी पुन्हा बघा, बऱ्याचदा उतरतं. त्याची खाट, त्याचं नातेवाइकांचं राहणं कोण करणार? जवळ केंद्र असतं तर हा प्रश्नच आला नसता.

कातळ
पाणी उतरवायला प्रत्यारोपण केंद्र कशाला लागतं? लॅसिक्सचं ड्रिप, रोजचं वजन, सहा तासांची लघवी आणि क्रिएटिनिन, एवढं जिल्ह्याच्या ठिकाणी होतं. नायट्रोप्रुसाइडही काही चैनीचं औषध नाही. बाटलीला आणि नळीला काळा कागद गुंडाळायचा, मिनिटाला किलोमागे 0.25 ते 0.5 मायक्रोग्रॅमपासून सुरुवात, तीन-पाच मिनिटांनी वाढवायचं, धमनीत लाइन हवीच, वरचं बीपी 85 ला आलं की थांबायचं.

केंद्राचं गणित मात्र वेगळं आहे. अमेरिकेत मेडिकेअरची (सरकारी विम्याची) मान्यता मिळवायची तर वर्षाला किमान 10 प्रत्यारोपणं दाखवावी लागतात, कारण कमी करणाऱ्या केंद्रांत माणसं जास्त दगावतात हे तिथल्या नोंदींत दिसलेलं आहे. दोन जिल्ह्यांत वर्षाला 10 हृदयं कुठून आणणार?

निसर्गानंतर
हृदयं आणायचं सोडा, आपलीच जातायत वाया. मुंबई-गोवा महामार्गावर डोक्याला मार लागलेली किती तरुण माणसं येतात. मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांची समिती, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, श्वासाची चाचणी आणि त्यात कार्बन डायऑक्साइड 60 वर गेल्याचा रक्ताचा पुरावा. यातलं एक जरी ठिकाणावर नसेल तर ‘व्हेंटिलेटर काढू का’ एवढाच प्रश्न उरतो. अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या 2011 च्या दुरुस्तीपासून फक्त अवयव काढण्यापुरती मान्यता मिळते, प्रत्यारोपण केंद्र असावं लागत नाही. निवेदन द्यायचं तर त्याचं द्या.

वेळेचं म्हणाल तर साध्या बर्फातलं हृदय चार तासांत धडधडायला हवं. रस्त्याने कुडाळहून मुंबई विसरा. विमानाने जमेल, पावसाळ्यात ढग उतरले नाहीत तर.

सुरंगी
हे मान्य. फुप्फुसाचा विरोध न उतरणाऱ्यांचं काय मग? जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण करणाऱ्या बर्नार्डने 1974 मध्ये जुनं हृदय न काढता शेजारी दुसरं जोडलं, म्हणजे फुप्फुसाचा भार जुन्याच उजव्या कप्प्यावर राहील. ते मागे पडलं. आता एलव्हॅड (डाव्या कप्प्याला मदत करणारा, बॅटरीवरचा पंप) बसवतात, तीन ते सहा महिन्यांत डावी बाजू रिकामी होते आणि विरोध उतरतो. इथल्या पेशंटला हा पर्याय निदान कोणी सांगतं तरी का?

निसर्गानंतर
सांगतील, आणि बॅटरी कशावर चार्ज करणार? हार्टमेट 3 या पंपाची बॅटरीची जोडी जास्तीत जास्त 17 तास. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात गावंच्या गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पोटातून बाहेर येणाऱ्या वायरीची जागा कोरडी ठेवायची, ती जुलैत, आमच्या हवेत. किमतीचा तर विषयच काढू नका.

कातळ
म्हणूनच म्हणतो, आधी गोळ्या. हार्ट फेल्युअरच्या उपचाराचे चारही खांब: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, बीटा ब्लॉकर, स्पिरोनोलॅक्टोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. 2022 च्या स्ट्राँग-एचएफ अभ्यासात यातल्या पहिल्या तीन गटांच्या औषधांचा घरी सोडण्याआधी निम्मा डोस आणि दोन आठवड्यांत पूर्ण डोस दिला. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हृदयासाठी पुन्हा भरती 23.3 टक्क्यांवरून 15.2 वर आली. पहिला, दुसरा, तिसरा, सहावा आठवडा, दरवेळी तपासणी. बीपी 95 च्या खाली, नाडी 55 च्या खाली किंवा पोटॅशियम 5 च्या वर असेल तर डोस वाढवायचा नाही. आपल्याकडे काय होतं? सगळ्यात लहान डोसची चिठ्ठी, ‘तीन महिन्यांनी दाखवा’, आणि वर्षभर तोच डोस. रॅमिप्रिल थांबवून 36 तास न सोडता सॅक्युबिट्रिल चालू केलेलंही दिसतं, मग ओठ-जीभ सुजून पेशंट येतो. ही औषधं सहा महिने पूर्ण डोसात दिल्यावर काहींना यादीची गरजच उरत नाही.

आणि स्पिरोनोलॅक्टोन (अंगात पोटॅशियम साठवणारी गोळी) चालू असताना शहाळं बंद. हे तरी कोणी सांगा.

माडाखाली
झाला! शहाळ्यापर्यंत पोचलात. डाक्टर लोकांका माडाचा काय वाकडा दिसता कोण जाणे. आमच्या वाडयेतलो एक म्हातारो धा वर्सां हृदयाच्यो गोळ्यो खाता, रोज सकाळी शहाळा पिता, आजून माडार चढता.

कातळ
माडावर चढणाऱ्याचं पंपिंग 20 नसणार. शहाळ्याच्या 100 मिलीत साधारण 250 मिलिग्रॅम पोटॅशियम. मोठं शहाळं 400 मिलीचं धरा, म्हणजे 1000 मिलिग्रॅम, 25 मिलिइक्विव्हॅलंट. पोटॅशियमच्या सिरपच्या 15 मिलीत 20 असतात. ते सिरप स्पिरोनोलॅक्टोनवरच्या माणसाला रोज पाजाल का?

सुरंगी
सरसकट बंदी हा आळशीपणा आहे. ज्याला रोज 80-120 मिलिग्रॅम लॅसिक्स आहे, स्पिरोनोलॅक्टोन नाही आणि वर डिगॉक्सिन आहे, त्याचं पोटॅशियम 3.2 असतं आणि तिथूनच ठोके बिघडतात. त्याला शहाळं विष नव्हे. त्याचा धोका 400 मिली पाण्याचा, दिवसाच्या दीड लिटर पाण्याच्या मर्यादेतून ते वजा करायचं. चिठ्ठीत कोणती गोळी आहे ते बघून बोला ना.

कातळ
चिठ्ठी बघायला वेळ असलेला डॉक्टर दाखवा, बंदी मागे घेतो.

खाडीकाठ
दोघांनी आकडे फेकलेत, पण लॅबमधून येणारा पोटॅशियमचा आकडा मुळात खरा असतो का? लॅबच्या कामातलं सांगतो. दंडाला पट्टी करकचून बांधली, मूठ उघडझाप करायला लावली, बारीक सुईने जोरात ओढलं, नमुना गरम डब्यात घालून खड्ड्यांतून दुचाकीवर तालुक्याला, तिथून संध्याकाळच्या गाडीने कोल्हापूर. पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम बाहेर येतं. मग फोनवर ‘5.8 आहे, गोळी बंद करा’. चांगली चाललेली स्पिरोनोलॅक्टोन बंद, ती पुन्हा कोणी सुरू करत नाही. 1999 च्या रेल्स अभ्यासात याच गोळीने मृत्यू 30 टक्क्यांनी कमी केले होते.

मूठ न वळवता घ्या, अर्ध्या तासाने गुठळी झाली की तिथेच सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवा, सीरम वेगळं करून पाठवा. सीरम गुलाबी दिसलं तर आकडा धरू नका, ईसीजी काढा आणि नमुना परत घ्या. खरंच 5.5 च्या वर असेल तर डोस निम्मा, 6 च्या वर असेल तर बंद.

माडाखाली
म्हणजे शहाळा निर्दोष. लॅबवालो चोर.

खाडीकाठ
असं कुठे म्हटलं? गुलाबी सीरम नसताना 6.2 आलं तर शहाळ्याचाच जाब घ्यावा लागेल. आणि ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून जे विकत घेता त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, ते घरातून आधी बाहेर काढा.

निसर्गानंतर
मिठाचा विषय निघालाच आहे तर हार्ट फेल्युअरमधल्या मिठावरचा सोडियम-एचएफ अभ्यास, 2022, 806 पेशंट. सोडियम 1500 मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं, मृत्यू, हृदयासाठी भरती आणि तातडीच्या भेटी मिळून 15 टक्के विरुद्ध 17, म्हणजे सिद्ध झालेला फरक नाही. उगाच लोकांचे सोडे आणि सुका जवळा काढून घेऊ नका.

सुरंगी
अभ्यास पूर्ण वाचा. ज्यांना बंधन नव्हतं ते लोकही दिवसाला साधारण 2000 मिलिग्रॅम सोडियमवर होते, म्हणजे 5 ग्रॅम मीठ. आपल्या घरात पेजेबरोबर खारा बांगडा, लोणचं आणि वरून आमटीतलं मीठ धरलं तर तेवढं दुपारच्या आतच होतं. आधी त्यांच्या ‘बंधन नसलेल्या’ पातळीवर या, मग अभ्यासाचा दाखला द्या.

निसर्गानंतर
ठीक. सोडे भिजवून पाणी ओतून देऊ, ताई. खूश?

कातळ
शहाळ्यातून बाहेर या. आणखी एक रोग पसरलाय: एकोत प्रेशर 60 दिसलं की सिल्डेनाफिल (फुप्फुसाच्या नसा सैल करणारी गोळी). डाव्या बाजूमुळे चढलेल्या प्रेशरला ते औषध नव्हे. झडप दुरुस्तीनंतर उरलेल्या प्रेशरसाठी ते देऊन बघितलं, 2018, 200 पेशंट, सिल्डेनाफिलवाल्यांची अवस्था प्लासिबोवाल्यांपेक्षा वाईट. त्यात पेशंट आधीच छातीत दुखण्याच्या सॉर्बिट्रेट गोळीवर असला की बीपी कोसळतं. संधिवाताच्या तापाने (रुमॅटिक) मायट्रल झडप आवळलेली असेल तर फुग्याने ती उघडा, प्रेशर त्याने उतरतं. गोळीने नव्हे.

सुरंगी
प्रत्यारोपणाच्या यादीसाठी विरोध उतरवायला कॅथखाली, मोजून, काही केंद्रं सिल्डेनाफिल वापरतात. ते सोडून बाकीचं मान्य. तुमच्याशी सहमत होणं फार त्रासाचं आहे.

पण प्रत्यारोपण झाल्यावर माणूस वेंगुर्ल्यालाच परत येणार ना? टॅक्रोलिमसची (शरीराने नवीन हृदय नाकारू नये म्हणून द्यायच्या गोळीची) रक्तातली पातळी सकाळच्या डोसाआधी, आदल्या डोसाला 12 तास झाल्यावर घ्यावी लागते. गोळी खाऊन नमुना दिला की आकडा बिनकामाचा. जुलैत ताप आला, कोणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं की पातळी चढून किडनी जाते. टीबीसाठी रिफॅम्पिसिन दिलं की पातळी पडून शरीर हृदय नाकारतं. परसातला पपनस खाल्ला तरी पातळी वाढते. भातलावणीच्या चिखलात उतरायचं नाही हे कोण सांगणार? लेप्टोचा ताप आणि रिजेक्शन यांत घोळ घालणारा डॉक्टर पहिल्याच दिवशी भेटेल. तेव्हा निवेदन जाणार. त्यात तुमचं कॅथ पहिल्या क्रमांकावर टाकते, केंद्र दुसऱ्या. खोडून दाखवा.

कातळ
दुसरं खोडलंच आहे, वर वाचा. पहिल्यात नुसतं ‘कॅथ लॅब’ लिहाल तर स्टेंट घालायला वापरतील. राइट हार्ट कॅथ, थर्मोडायल्यूशनची (मिनिटाला जाणारं रक्त मोजणारी) नळी, धमनीची लाइन, नायट्रोप्रुसाइड, आणि वेजच्या लाटेचा छापील कागद पेशंटच्या हातात, असं लिहा. कागद हातात असला तर मुंबईला ते पुन्हा करावं लागणार नाही.

खाडीकाठ
आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सेंट्रिफ्यूज. तिसऱ्या क्रमांकावर चालेल.

माडाखाली
सोलकढीचा काय ता कोणीच सांगूक नाय.